आधी कोणाच्या दारात

अंबिका घरत कंडक्टर होती तेव्हा तिचा आवाज बसच्या मागच्या काचेपर्यंत जायचा. "चला, पुढे सरका. दादा, बॅग मांडीवर घ्या. मावशी, दांड्याला धरा." भाईंदर ते उत्तन या रस्त्यावर तिची उमेदीची वर्षं गेली. मग गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी उभ्याची नोकरी सोडा म्हणून सांगितलं, आणि परिवहन विभागाने तिला ऑफिसात जिन्याजवळच्या टेबलावर बसवलं. समोर एक फोन. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वर पोचवायच्या.

खुर्ची मिळाली म्हणून घरचे खूश झाले. अंबिकाला मात्र त्या खुर्चीत बसून एकाच गोष्टीची आठवण यायची, मोर्व्याच्या थांब्याची. मोर्व्याला तिची धाकटी बहीण शालू दिली होती. बस आली की शालू पदर खोचून थांब्यावर उभी असायची, खिडकीतून काहीतरी आत सरकवायची. कधी सुकटीची चटणी, कधी नुसती गरम भाकरी फडक्यात. "खा गो येळेवर," एवढं म्हणेपर्यंत घंटी वाजलेली असायची. आणि शनिवारी शालू स्वतःच बसमध्ये चढायची, बहिणीकडूनच तिकीट फाडून घ्यायची. पश्चिमेला स्टेशनशी उतरून दोघी रुळांवरचा पूल ओलांडायच्या आणि पूर्वेला नवघरला आईच्या घरी जायच्या. अंबिका नवरा गेल्यापासून तिथंच राहत होती, मोठा भाऊ लवूच्या कुटुंबात. पण शालू आली की तीसुद्धा दोन घटका माहेरवाशीण व्हायची.

मग शालूला साखरेने गाठलं. पायाला झालेली एक साधी जखम चिघळत गेली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. ती दवाखान्यात असतानाच इकडे नवघरला आई गेली. शालूला कोणी लगेच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यानंतर शालू नवघरला आलीच नाही. चाकाची खुर्ची मिळाली होती, हातांनी ती झकास चालवायची, मोर्व्याच्या गल्लीतून थांब्यापर्यंत कोणाची मदत न घेता जायची. पण बसची पायरी तिच्या मांडीच्या वर यायची. रिक्षात खुर्ची मावत नव्हती. एकदा दवाखान्यातून परतताना तिचा नवरा महिपत आणि दोन शेजाऱ्यांनी तिला उचलून रिक्षात घातलं, घराशी उचलून काढलं, आणि नाक्यावरची माणसं बघत राहिली. त्या दिवशी तिने सांगून टाकलं, "दवाखान्यात न्यायचं तं उचला. इलाज न्हाय. पण माहेरी मी उचलून जायाची न्हाय. आयच्या दारात मी गोणीसारखी उतरू काय?"

अंबिका सुटीच्या दिवशी मोर्व्याला जायची. पण जाणं वेगळं आणि कोणी येणं वेगळं. संध्याकाळी नवघरच्या ओट्यावर बसली की तिचे कान गल्लीच्या तोंडाशी लागलेले असायचे. येणार कोणी नाही हे ठाऊक असूनसुद्धा.

अशात विभागात नीलिमा राजाध्यक्ष आल्या. मूळच्या दादरच्या, लग्नानंतर मीरा रोडला स्थायिक झालेल्या, मार्ग आखायचं काम त्यांच्याकडे आलं. परिवहन विभाग बाहेरच्या माणसाला एकच दार वाटतं. आत गेलं की कळतं, खोल्या पुष्कळ आहेत. मार्ग ठरवणारे एका खोलीत, थांबे आणि रस्ते बघणारे वरच्या मजल्यावर, गाड्या राखणारे डेपोत, आणि तक्रारी ऐकणारी अंबिका जिन्याशी. नीलिमाबाईंनी दर सोमवारी या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायला सुरुवात केली. पहिल्याच सोमवारी त्यांनी अंबिकालाही वर बोलावलं.

"अंबिकाताई, तुम्हाला फोन कोण करतं?"

"सगळेच करतात मॅडम. बस उशिरा आली, बस थांबली नाही, एसी बंद आहे."

"म्हणजे ज्यांच्याकडे बस आहे ते. ज्यांच्याकडे बसच नाही, त्यांनी कधी फोन केला?"

अंबिकाने आठवून बघितलं. "नाही. ते कशाला करतील?"

"तेच म्हणतेय मी. सगळ्यांना सारखं वाटून देणं सोपं असतं. पण सगळे सारखे मागे नाहीत. जो जास्त मागे राहिलाय त्याच्याकडे आधी जायचं. आणि तो फोन करत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे जायचं. तुम्ही जाल का?"

अंबिकाचे गुडघे दुखत होते, पण ती हो म्हणाली. खुर्चीतून सुटका झाली याचाच तिला आनंद होता. शिवाय बोलणं हे तिचं हत्यारच होतं. इंद्रलोकच्या सोसायट्यांत मराठी, नाक्यावरच्या दुकानदाराशी हिंदी, तिकीट काढताना शिकलेली थोडी गुजराती, आणि नवघरच्या गल्लीत घरची आगरी.

त्याच सुमाराला बातमी आली की विभागाकडे नवीन बसगाड्या येणार आहेत. जमिनीलगत दार असलेल्या, थांब्यावर एका अंगाला कलणाऱ्या, दारातून फळी बाहेर टाकली की चाकाची खुर्ची सरळ आत जाईल अशा. पण पहिल्या खेपेला गाड्या थोड्याच, एका रस्त्याला पुरतील इतक्या. कुठल्या रस्त्यावर लावायच्या ते सोमवारच्या टेबलावर ठरणार होतं.

अंबिकाने ही बातमी ऐकली आणि तिला राहवेना. त्याच संध्याकाळी ती मोर्व्याला गेली.

"शालू, बस येतेय. फळीवाली. तू खुर्चीसकट चढशील. या रस्त्याला लागली की स्टेशनपर्यंत सरळ. पुढं उड्डाणपुलाला चढ हाय, तिथं मी ढकलीन."

शालू मासळी साफ करत होती. तिचे हात थांबले. "खरं सांगतंस?"

"आमच्या टेबलावरच ठरायचंय. मी हाय ना तिथं."

शालूने हात धुतले, पुसले आणि बहिणीचा हात धरला. "लवूदादा बोलला, घर बिल्डरला दिलं. दिवाळीनंतर पाडतील."

"हो."

"त्येच्या आधी मना एकदा चुलीम्होरं बसायचंय, अंबे. आय गेली तवा मी न्हवते. घर तरी बगू दे."

"बगशील," अंबिका म्हणाली. तिने असं म्हणायला नको होतं. पण बहिणीचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना. दुसऱ्या दिवसापासून शालूने महिपतकडून घराचा उंबरा तासून घेतला, थांब्याजवळच्या खड्ड्यात खडी टाकून घेतली. सकाळ-संध्याकाळ खुर्चीने थांब्यापर्यंत जाऊन यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, माझी बहीण बस आणतेय.

इकडे अंबिकाची भटकंती चालली होती. असंच एकदा ती नया नगरच्या मागे, खाडीच्या अंगाला असलेल्या वस्तीत गेली. वस्ती जुनी होती. रत्नागिरी-रायगडकडून आलेली कुटुंबं, उत्तरेकडून आलेली, गवंडीकाम, घरकाम, भाजीच्या गाड्या. मोठ्या रस्त्यापासून आत बस म्हणून नव्हतीच. बायका अंधारात निघायच्या आणि चालत मोठ्या रस्त्यावर यायच्या.

"बस? इधर?" दारात कपडे वाळत घालणारी एक म्हातारी हसली. "इधर तो रिक्शावाला भी मुँह बनाता है, बेटा."

तिच्या पलीकडच्या घरात दिव्या राहायची. चिपळूणच्या बाजूची, नया नगरात चार घरी स्वयंपाक करायची. तिची मुलगी रुचिता तेरा-चौदा वर्षांची होती. जन्मापासून तिच्या पायांत आणि कमरेत जोर नव्हता, पण बोलायला चुणचुणीत होती. खाटेवर उशांना टेकून बसली होती आणि अंबिका आत आल्या आल्या तिने विचारलं, "तुम्ही बसवाल्या? तुम्ही ती टिकटिक वाजवायचा?"

"वाजवायची, हो. तू शाळेत जातेस ना?"

रुचिताने आईकडे बघितलं. दिव्याने पदराने तोंड पुसलं.

"जायची. अशा मुलांची शाळा आहे मीरा रोडला, चांगली आहे. मी पाठीवर घेऊन जायचे ताई. मोठ्या रस्त्यापर्यंत पाठीवर, मग रिक्षा मिळाली तर रिक्षा. लहान होती तोवर जमलं. ती मोठी होतेय नि माझी कंबर आहे तेवढीच आहे. पावसाळ्यात दोघी पडलो. मग बंद केली."

"मी आईला सांगितलं, मी कमी जेवेन," रुचिता म्हणाली. ती चेष्टेत बोलली होती, पण खोलीत कोणी हसलं नाही.

अंबिका परत निघाली तेव्हा मोठ्या रस्त्यापर्यंतचं ते अंतर तिच्या गुडघ्यांनी मोजून घेतलं. पाठीवर काही नसताना. ती कठड्यावर टेकली आणि तिला शालू आठवली, खडी टाकलेला तो खड्डा आठवला. त्या क्षणी आपल्याला काय करावं लागणार हे तिला कळलं होतं. पुढचे दिवस ती ते कळलं नसल्यासारखं वागत राहिली.

सोमवार उजाडला. मार्गांचं गणित बघणारा यतीन हा तरुण इंजिनिअर होता, मनाने सरळ, कामाला चोख. त्याने नकाशा पसरला.

"मोर्वा-उत्तन रस्ता घेऊ मॅडम. रस्ता बरा आहे, प्रवासी भरपूर, शेवटी गाडी वळवायला जागा आहे. उद्या गाडी लावली तर उद्या चालेल."

डेपोचे लोक माना डोलवत होते. नीलिमाबाईंनी टेबलावरून नजर फिरवली. "कोणाला काही म्हणायचंय?"

अंबिकाने नकाशावर मोर्वा शोधला. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तिने कोणाचं काही हिरावलं नसतं, कोणाकडे काही मागितलं नसतं. दिवाळीच्या आत शालू नवघरच्या ओट्याशी आली असती. तिला खुर्चीच्या चाकांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"मॅडम," ती म्हणाली, "आधी एक सांगते. मोर्व्याला माझी सख्खी बहीण आहे. तिला एक पाय नाही. ही बस तिथं गेली तर सगळ्यांत जास्त आनंद मला होईल."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पण मोर्व्याला बस आहे. माझ्या बहिणीला चढता येत नाही, पण तिचा नवरा चढतो, मुलगा चढतो, तिचं औषध येतं, बाजार येतो. खाडीकडच्या वस्तीत कोणीच चढत नाही. तिथं एका पोरीची शाळा सुटली, आईच्या कमरेपायी. आपण म्हणतो ना, जो जास्त मागे त्याच्याकडे आधी. मग मोर्वा आधी नाही होत."

यतीन नकाशाकडे बघत होता. "ताई, वस्तीच्या टोकाला गाडी वळणार नाही. मी विरोध म्हणून नाही सांगत."

"मग वळेल असं काय करावं लागेल?" नीलिमाबाईंनी विचारलं.

"जाऊन बघतो," यतीन म्हणाला. आणि तो खरोखर गेला. रस्त्यांकडच्या माणसाला घेऊन गेला. एक विजेचा खांब सरकवावा लागला, भाजीच्या गाडीवाल्यांना पलीकडची जागा आखून द्यावी लागली, त्यांच्याशी बसून बोलावं लागलं. या सगळ्याला वेळ लागला, पण काम झालं.

त्या सोमवारी बैठक उठल्यावर नीलिमाबाई मागे थांबल्या होत्या. "अंबिकाताई, बहिणीला मी येऊन सांगू का?"

"नको मॅडम. शब्द मी दिला होता."

शालू थांब्यावरच भेटली. खुर्ची सावलीला लावून बसली होती. अंबिकाने आडवळण घेतलं नाही. वस्तीचं सांगितलं, रुचिताचं सांगितलं, टेबलावर आपण काय बोललो तेही सांगितलं. दुसऱ्या कोणावर ढकललं नाही. शालू ऐकत राहिली. एक बस आली, थांबली, गेली.

"मंग मी काय, गरजेची न्हाय?"

"हायस. पण तिच्या आधी न्हाय, शालू."

"तुला कोनी विचारलं होतं? तू गप ऱ्हायली असतीस तं चाललं असतं."

"चाललं असतं," अंबिका म्हणाली. "मी लवूदादाला सांगते. आम्ही सगळे येतो, तुला हळूच उचलून टेम्पोत..."

"उचलून न्हाय." शालूने खुर्ची वळवली. "घर पडंल तं पडंल."

ती गल्लीतून निघाली. अंबिका मागे गेली नाही. चाकांच्या कडेला चिकटलेली खडी खाली पडताना दिसत होती.

दिवाळी झाली आणि नवघरचं घर पाडलं. लवूने सामान आधीच इंद्रलोकमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हलवलं होतं. पाडायच्या आदल्या दिवशी अंबिका एकटीच जाऊन चुलीसमोर बसली. आईच्या चुलीची माती बोटाने उकरून बघितली, थोडी बरोबर घ्यावी असं मनात आलं, मग तशीच ठेवली. शालू असती तर दोघींनी मिळून रडून घेतलं असतं. एकटीला रडू येईना. तिने फोन लावला. शालूने उचलला नाही.

खाडीकडच्या वस्तीत पहिली बस गेली त्या सकाळी सगळी वस्ती रस्त्यावर होती. हार-बिर कोणी आणला नव्हता, पण कोणीतरी बसच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडला. ड्रायव्हरने गाडी थांब्याला लावली, गाडी एका अंगाला कलली, फळी बाहेर आली. रुचिता गणवेशात होती, शाळेने मिळवून दिलेल्या नवीन चाकाच्या खुर्चीत. दिव्या मागून ढकलायला पुढे आली तर पोरगी ओरडली, "आई, हात काढ!" आणि जोर लावून, थोडी तिरकी होत, फळीवरून आत गेली. दिव्या खालीच उभी राहिली, रिकाम्या हातांनी. इतक्या वर्षांत मुलगी आपल्याशिवाय कुठे चढताना तिने पाहिली नव्हती. अंबिकाने तिला दंडाला धरून वर चढवलं.

गाडी चालू झाली. रुचिता काचेला नाक लावून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. अंबिकाने तिच्याकडे बघितलं, तिला मनापासून बरं वाटलं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी त्या जागी बघायची इतकी ओढ लागली की तिने मान फिरवली.

त्या रात्री शालूचा फोन आला. कित्येक महिन्यांनी.

"ती पोर चढली काय?"

"चढली."

"कोनी उचलली न्हाय ना?"

"न्हाय. आयलाबी हात लावू दिला न्हाय."

मग शालू म्हणाली, "बरं झालं," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या खेपेच्या गाड्या यायला वर्ष उलटून गेलं. नीलिमाबाईंनी आणि यतीनने तोवर नवा मार्ग आखून ठेवला होता. उत्तनहून निघून मोर्वा, राई, मुर्धा करत पश्चिमेला न थांबता उड्डाणपुलावरून थेट पूर्वेला, नवघरपर्यंत. या मार्गासाठी अंबिकाने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. यादीत ज्याची पाळी होती ती आली, एवढंच.

शालू कळवून आली नाही. अंबिका नवघर नाक्याच्या थांब्यावर प्रवाशांशी बोलत उभी होती आणि एक बस कलली. फळी पडली. जांभळं लुगडं, मांडीवर पिशवी, केसांत अबोली, अशी शालू स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत खाली आली. केस पार पांढरे झाले होते.

"बगतेस काय? सरक की वाटंतून," ती म्हणाली.

अंबिकाला हसावं की रडावं कळेना. दोघी जुन्या गल्लीकडे वळल्या. अंबिकाने खुर्चीला हात लावला नाही. गल्लीच्या टोकाला निळे पत्रे ठोकलेले होते, पत्र्यांच्या आत इमारत सातव्या मजल्यावर गेली होती. पत्र्याला एक फट होती. शालूने खुर्ची तिथं लावली आणि वाकून बघितलं.

"चूल कुठं असंल?"

"तो काँक्रीटचा मिक्सर उभा हाय ना, त्येच्या डावीला."

"आणि आय निजायची ती जागा?"

अंबिकाने बोट दाखवलं. तिथं सिमेंटची पोती रचली होती. शालू बघत राहिली. आत कोणी कामगार रेडिओ लावून काम करत होता, त्याने फटीतले डोळे बघून हात केला. शालूनेही केला.

"उचलून का व्हईना, मी येऊन बसले असते गो," ती हळूच म्हणाली. "माझाच हट्ट नडला."

"न्हाय. मी गप ऱ्हायला हवं होतं तुझ्यासाठी."

"तू गप ऱ्हायली असतीस तं मी तुज्या बसमंदी बसले नसते," शालू म्हणाली. ते खरं होतं की बहिणीचं मन राखायला ती बोलली, ते अंबिकाला कधी समजलं नाही. तिने विचारलंही नाही.

मग त्या इंद्रलोकला गेल्या. लिफ्ट होती, शालू वर गेली, लवूदादाच्या सुनेने चहा केला, पिशवीतून सुकटीची चटणी निघाली. फ्लॅटमध्ये सगळं होतं, पण शालू दोन-तीनदा दाराकडे बघून बोलायची थांबली. ओटा शोधत असावी.

"आज ऱ्हा," अंबिका म्हणाली. कित्येक दिवस हे वाक्य तिच्या मनात तयार होतं. "रात्री बोलत पडू."

"न्हाय. जाते."

"आत्ता कुठं आलीस तू."

"शनवारी परत येन," शालू म्हणाली. "बस हाय ना."

थांब्यावर ऊन उतरत आलं होतं. गाडी आली, कलली, शालू चढली आणि खिडकीशी खुर्ची लावून बसली. कंडक्टर नवीन होती, तरुण. अंबिकाला वाटलं आपणच पुढे होऊन तिकीट फाडावं. घंटी वाजली. शालू काचेतून काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. गाडी पुलाच्या चढाला लागेपर्यंत अंबिका तिथंच उभी होती. आणि मग तिने शनिवार कधी आहे ते बोटांवर मोजलं.